मलेरियातून उठलेल्या मुलींनाच सर्दी-खोकला जास्त बाधतो का?

पर्लकोटाकाठची

नमस्कार. मी गडचिरोलीतल्या भामरागड तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका आहे. डॉक्टर नाही, नर्सही नाही, पण पावसाळ्यात रात्री-अपरात्री कपाळाला हात लावून ताप बघायचं काम माझ्याकडेच असतं. प्रश्न लांबलाय, तरी पूर्ण वाचावा ही विनंती.

शाळा उघडली की मुली गावाहून येतात. सुट्टीत कोणी शेतावरच्या मांडवात झोपलेल्या असतात, कोणी आईबापाबरोबर जंगलात गेलेल्या असतात. त्यामुळे आल्या आल्या आरोग्यसेवक किट घेऊन येतात आणि सगळ्यांच्या बोटाला टोचून बघतात. दर वर्षी काही जणी पॉझिटिव्ह निघतात, कित्येकदा अंगात ताप नसतानासुद्धा. गोळ्या सुरू होतात. मग ऑगस्ट लागला की सर्दी-खोकल्याची लाट येते. एकीला झाली की आठवड्यात अख्खी खोली खोकते. खाटेला खाट लागून आहे, दुसरं काय होणार?

यंदा मी वहीत टिपून ठेवलं. ज्या मुलींना जुलैत मलेरिया झाला होता, त्या या लाटेत जास्त दिवस पडून राहिल्या. बाकीच्या चार-पाच दिवसांत उठून अंगणात लंगडी खेळायला लागल्या, या मात्र भिंतीला टेकून बसलेल्या. सातवीतली एक मुलगी तर फारच खालावली. मलेरियाच्या गोळ्या संपून दोनेक आठवडे झाले होते. साधी सर्दी, मग खोकला, मग एका रात्री धाप लागली. नाकपुड्या फुलायला लागल्या, एक वाक्य सलग बोलता येईना. ऑक्सिमीटर लावला तर ९६. आकडा चांगला आणि मुलगी मात्र डोळ्यांसमोर दमलेली. उजाडताच पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, नेलं. तिथे किट पुन्हा पॉझिटिव्ह आलं, हिमोग्लोबिन ५.८ निघालं, आणि पुढे पाठवल्यावर एक्स-रेत न्यूमोनिया दिसला. आता ती बरी होऊन परत आली आहे, वर्गात बसते.

तिची आई म्हणाली, "हिवतापानं रक्त खाल्लं, आता साधी हवापण बाधते." आमचे एक सहकारी शिक्षक याच्या बरोबर उलटं सांगतात. त्यांच्या मते ज्याला मलेरिया होऊन गेलाय त्याला फ्लू-कोरोना फारसा होत नाही, आफ्रिकेकडे बघा. दोघांपैकी खरं कोणाचं? आणि पुढच्या पावसाळ्यात मी वेगळं काय करू?

काचपट्टी

मॅडम, मी याच जिल्ह्यात प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे जी. मोठ्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टर देतील, मला "किट पुन्हा पॉझिटिव्ह" याबद्दल बोलायचं आहे.

किटवर फॅल्सिपेरमची, म्हणजे मलेरियाच्या एका जातीच्या जंतूची, जी रेघ उमटते, ती जंतू दिसला म्हणून उमटत नाही. त्या जंतूने रक्तात सोडलेलं एक प्रथिन किट पकडतं. गोळ्यांनी जंतू मेले तरी ते प्रथिन रक्तात बरेच दिवस फिरत राहतं, दोन-चार आठवडे सहज, कधी त्याहून जास्त. म्हणजे गोळ्या संपून दोन आठवडे झालेल्या मुलीचं किट पॉझिटिव्ह येणारच. तो जुना मलेरिया असू शकतो. आत्ता जंतू जिवंत आहे का हे बघायला रक्ताची काच लागते. जाड आणि पातळ दोन्ही थेंब घ्यायचे, जेएसबी स्टेन करायचा, म्हणजे जंतू दिसावा म्हणून काच रंगवायची, आणि मायक्रोस्कोपखाली बसायचं. त्याला पर्याय नाही.

हे का सांगतो, तर मुलगी खोकत येते, कोणीतरी किट लावतं, रेघ दिसते आणि चिठ्ठीवर "मलेरिया" लिहून होतं. मग छातीला स्टेथोस्कोपची नळी लावायची राहून जाते. तुमच्या मुलीच्या बाबतीत पुढे एक्स-रे झाला म्हणून बरं. पीएचसीत नेताना गोळ्या कधी सुरू झाल्या, कधी संपल्या, कोणता मलेरिया होता, हे एका कागदावर लिहून न्या. तो कागद आम्हाला किटपेक्षा जास्त सांगतो.

सागवान

ताई, ती वही जपून ठेवा. आणि काचपट्टी यांनी लिहिलंय ते वसतिगृहाच्या कपाटावर चिकटवून ठेवा.

मी एटापल्ली तालुक्यात पीएचसीला बरीच वर्षं काढली, आता चंद्रपुरात लहान मुलांचा दवाखाना चालवतो. माझं मत सरळ सांगतो. त्या आईचं निरीक्षण बरोबर आहे. तुमच्या सहकाऱ्यांच्या बोलण्यात खरेपणाचा एक धागा आहे, पण त्यावर भरवसा ठेवून वसतिगृह चालवता येणार नाही.

आधी ऑक्सिमीटरचं सांगतो, कारण तो ९६ चा आकडा अनेकांना फसवतो. रक्तात जेवढं हिमोग्लोबिन आहे त्यातलं किती टक्के ऑक्सिजनने भरलेलं आहे, एवढंच ते यंत्र सांगतं. एसट्या भरून चालल्यात की नाही हे त्याला कळतं, डेपोत एसट्या किती उरल्यात हे कळत नाही. १२ हिमोग्लोबिनच्या मुलीचे ९६ टक्के आणि ५.८ वाल्या मुलीचे ९६ टक्के यांत शरीराला पोहोचणारा ऑक्सिजन निम्म्याने कमी असतो. अशा मुलीच्या फुप्फुसाचा एक कोपरा जरी सर्दीच्या विषाणूने धरला, तरी तिच्याकडे राखीव काही नसतं. धडधाकट मुलगी त्याच विषाणूला चार दिवसांत झटकते, कारण तिच्याकडे शिल्लक असते. आई "रक्त खाल्लं" म्हणाली ते शब्दशः खरं आहे. फॅल्सिपेरम आणि व्हायवॅक्स हे मलेरियाचे दोन्ही जंतू दर ४८ तासांनी तांबड्या पेशी फोडून बाहेर पडतात. शिवाय ज्या पेशींत जंतू नाहीत त्याही पाणथरी (प्लीहा) जास्त संख्येने गाळून टाकते, आणि हाडातला मगज नव्या पेशी बनवण्यात मंदावतो. गोळ्यांनी ताप दोन दिवसांत उतरतो. रक्त भरून यायला आठवडे लागतात, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत तुमच्याकडे सर्दीची लाट येते.

आता प्रतिकारशक्तीबद्दल. तांबड्या पेशी फुटल्या की आतलं हीम नावाचं द्रव्य मोकळं होतं, आणि ते मोकळं हीम शरीराला विषारी असतं. त्यापासून बचाव म्हणून शरीर एक विकर (एन्झाइम) चालू करतं. ते विकर अवयव वाचवतं, पण त्याच काळात मगजात तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशी अर्ध्या तयारीनिशी बाहेर पडतात. जंतू गिळतात, पण गिळलेला जंतू मारण्यासाठी जो ऑक्सिजनचा मारा करायचा तो त्यांना नीट जमत नाही. हे आधी उंदरांत दाखवलं गेलं आणि मग गांबियातल्या मलेरियाच्या मुलांत तपासलं गेलं. मलेरिया बरा झाल्यावरही या पेशी लगेच ताळ्यावर येत नाहीत. दुसरीकडे, जंतू हिमोग्लोबिन खाऊन जो काळसर चोथा मागे टाकतो, तो भक्षक पेशींच्या पोटात साठतो आणि त्या सुस्तावतात. शरीराला नवा शत्रू ओळखून द्यायचं काम ज्या पेशींचं, त्याही ढिल्या पडतात. नायजेरियात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसून आलं होतं की मलेरिया अंगात असताना मुलांना धनुर्वाताची लस दिली तर प्रतिपिंडं (अँटीबॉडी) कमी तयार होतात.

या सगळ्याचा प्रत्यक्ष आजारपणाशी संबंध आहे का? यावर केनियातल्या किलिफीचं काम मला सर्वांत पटतं, आणि आपल्या भागाला ते फार जवळचं आहे, कारण त्याचा आधार सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. सिकलसेलचा एकच जनुक असलेल्या मुलांना, म्हणजे वाहकांना, गंभीर मलेरियापासून संरक्षण असतं हे आपल्याकडे आशाताईंनाही माहीत आहे. किलिफीत दिसलं की या वाहक मुलांना रक्तात जिवाणू शिरण्याचे आजारही कमी होतात. १९९९ नंतर त्या भागातला मलेरिया वर्षागणिक घटत गेला, तसतसा वाहकांचा हा फायदाही विरत गेला. म्हणजे सिकलसेलचा जनुक जिवाणूंपासून थेट वाचवत नव्हता. तो मलेरियापासून वाचवत होता आणि मलेरिया टळल्यामुळे जिवाणू टळत होते. मलेरिया जोरात होता त्या काळात रक्तातल्या जिवाणूंच्या निम्म्याहून जास्त केसेसमागे मलेरियाचा हात होता, असा त्यांचा हिशेब आहे. गरिबी, कुपोषण, चुलीचा धूर ही कारणं इथे गोंधळ घालत नाहीत, कारण जनुक जन्मताच ठरलेला असतो, तो घर बघून येत नाही.

तुम्ही म्हणाल, हे जिवाणूंचं झालं, माझ्या मुलींना तर विषाणूची सर्दी झाली होती. बरोबर. पण विषाणूची सर्दी जेव्हा मुलाला खरोखर आडवं करते, तेव्हा बहुतेकदा मागून जिवाणू आलेला असतो. विषाणू श्वासनळीचं अस्तर खरवडतो आणि घशात एरवी गुपचूप राहणाऱ्या जिवाणूला छातीत उतरायला वाट मिळते. १९१८ च्या मानमोडीत, म्हणजे फ्लूच्या साथीत, हेच झालं. त्या काळच्या शवविच्छेदनातून जपून ठेवलेले फुप्फुसाचे तुकडे नंतर तपासले, तेव्हा बहुतेकांत जिवाणूंचा न्यूमोनिया दिसला. आपला हा चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता, आणि हिंदुस्थानात सर्वांत जास्त मार खाल्लेल्या प्रांतांपैकी तो एक. तिथल्या मृत्यूंत मलेरियाचा वाटा किती होता हे आज कोणी सांगू शकणार नाही. पण पांढऱ्या पेशी अर्ध्या तयारीच्या असताना विषाणू आला, तर मागच्या जिवाणूला अडवायला कोण उरतं, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

म्हणून मी पीएचसीत असताना नव्या आलेल्या प्रत्येक डॉक्टरला सांगायचो, आजही सांगतो, की किट पॉझिटिव्ह आलं तरी छाती बघायची थांबवू नका. आपल्याकडे मलेरिया आणि न्यूमोनिया एकाच महिन्यात, एकाच घरात, कित्येकदा एकाच मुलात असतात.

प्रतिपिंड

मी पुण्यात विषाणूंवर पीएचडी करतेय, मूळची वडसा-देसाईगंजची. सागवान सरांनी जिवाणूंकडून वाट दाखवली, मी विषाणू आणि मलेरिया यांच्या थेट नात्याबद्दल लिहिते. ते खूप गुंतागुंतीचं आहे आणि मला या विषयाचं मनापासून वेड आहे.

प्रयोगशाळेत उंदरांवर नेमका हाच प्रयोग झालाय. उंदरांचा मलेरिया आणि उंदरांचा न्यूमोव्हायरस एकत्र दिले. हा विषाणू आपल्या तान्ह्या बाळांना धाप लावणाऱ्या आरएसव्हीच्या घराण्यातला. मलेरियामुळे रक्तात इंटरफेरॉन वाढलं. इंटरफेरॉन म्हणजे विषाणूविरुद्धची हाकाटी, म्हणून वाटलं असतं की उंदीर वाचणार. पण फुप्फुसात उलटं झालं. तिथे जळजळ कमी झाली, लढणाऱ्या पेशी कमी पोहोचल्या आणि विषाणू आटोक्यात आला नाही. शरीरभर आरडाओरडा आणि जिथे आग लागली तिथे माणसं कमी, असा तो प्रकार.

माणसांत चित्र दोन्ही बाजूंचं आहे. टांझानियात १९९२ साली एक निरीक्षण छापून आलं. गोवर किंवा फ्लू झालेल्या मुलांच्या रक्तात त्या काळात मलेरियाचे जंतू कमी आढळत होते, डांग्या खोकला झालेल्यांत तसं होत नव्हतं. म्हणजे विषाणू मलेरियालाही दाबतो. दोघं एकमेकांच्या पायात पाय घालतात.

आता तुमच्या सहकाऱ्यांच्या आफ्रिकेबद्दल. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये जगभर नकाशावर नकाशा ठेवून असे दावे झाले: मलेरिया आहे तिथे कोरोना कमी. पण तिथली निम्मी लोकसंख्या विशीच्या आतली आहे आणि कोरोना म्हाताऱ्यांना मारतो. चाचण्याही कमी झाल्या होत्या. त्याच लाटेत मलेरियाचं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधक म्हणून द्यायचा सल्ला आपल्याकडे निघाला, आणि जूनमध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी नावाच्या औषधचाचणीने दाखवलं की दवाखान्यात दाखल रुग्णांना त्याचा काही उपयोग होत नाही.

नकाशे सोडून माणसं तपासली ती युगांडात. २०२० मध्ये कोरोनाच्या सुमारे ६०० रुग्णांचं रक्त बघितलं, त्यांतल्या १२ टक्क्यांना त्याच वेळी फॅल्सिपेरम मलेरियाही होता. मलेरिया सोबत असल्याने एकूणात कोरोना जास्त गंभीर झाला नाही. आणि सगळ्यांत बोलकी गोष्ट म्हणजे, ज्यांच्या रक्तात पूर्वीच्या मलेरियाच्या खुणा कमी होत्या त्यांच्यातले ३० टक्के गंभीर किंवा अत्यवस्थ झाले, खुणा भरपूर असणाऱ्यांतले ५ टक्के. तुमच्या सहकाऱ्यांचा खरा धागा तो हाच. वारंवार मलेरिया झालेलं शरीर जळजळ आवरायला शिकतं, आयएल-१० नावाचा संदेश जास्त सोडतं. मोठ्या माणसाला कोरोना मारतो तो बहुतांशी स्वतःच्याच अतिरेकी जळजळीने, तेव्हा ही सवय कामी येऊ शकते. पण या गटांत माणसं थोडी होती, आणि युगांडात मलेरिया न झालेला माणूस बहुधा शहरी असतो, त्याचं वजन, साखर, राहणी सगळं वेगळं असतं.

आणखी एक. मलेरिया झालेल्यांच्या रक्तात कोरोनाच्या स्पाइकला, म्हणजे त्याच्या पृष्ठभागावरच्या काट्यांना, चिकटणारी प्रतिपिंडं सापडली, कोरोना न होताच. आफ्रिकेतल्या काही सर्वेक्षणांत त्यामुळे खोटे पॉझिटिव्ह आले. ती चिकटतात, पण विषाणूला निकामी करत नाहीत. तेव्हा "रक्तात प्रतिपिंडं आहेत, आता धोका नाही" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

गटप्रवर्तक ताई

मी आशांची गटप्रवर्तक आहे. वर एवढं शास्त्र लिहिलंय, ते वाचून माझ्या आशांना काय सांगायचं ते मी शोधत होते. आमच्याकडे संध्याकाळी डास पळावे म्हणून घरात कडुनिंबाचा पाला जाळतात, दार लावून घेतात, आत तान्हं बाळ असतं. डास जातात की नाही देव जाणे, पण पहाटे बाळ खोकत उठतं. मच्छरदाणी वापरा आणि धूर बंद करा हे एकाच वाक्यात सांगावं लागतं, नाहीतर बाया म्हणतात, एक काढून घेतलं, दुसरं काय दिलं?

श्वास मोजायला घड्याळच हवं असं नाही हे पण सांगते. आपल्याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि राणी बंग यांनी अक्षर न ओळखणाऱ्या दायांच्या हातात मणी आणि एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ दिलं होतं. त्या श्वास मोजायच्या, न्यूमोनिया ओळखायच्या. गावातल्या माणसांनी औषध दिल्याने न्यूमोनियाचे बालमृत्यू घटले, ते १९९० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. हे काम गडचिरोलीत आधीच झालंय, मॅडम. तुम्हालाही जमेल.

पर्लकोटाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिपिंड, तुमचं उत्तर मी सहकाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते ३० आणि ५ ऐकून खूष झाले, पुढचं ऐकून गप्प बसले.

सागवान सर, दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. श्वास मोजायचा तर किती म्हणजे जास्त? आमच्या स्वयंपाकीण बाईंची दोन वर्षांची मुलगीही इथेच असते, तिच्यासाठीही सांगा. आणि एका मुलीला जून आणि सप्टेंबर असा दोनदा मलेरिया झाला, दोन्ही वेळा व्हायवॅक्स. ती मांडवात झोपायला गेलीच नाही, इथेच होती, मच्छरदाणीत. मग दुसऱ्यांदा कुठून आला?

सागवान

मूल शांत असताना, झोपेत असेल तर उत्तमच, पोटावरचा कपडा वर करून पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका, लहान मुलांचा श्वास एका लयीत नसतो. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६० किंवा जास्त म्हणजे जोराचा, दोन महिने ते वर्षाच्या आत ५०, एक ते पाच वर्षांत ४०. स्वयंपाकीण बाईंच्या मुलीला ४० लक्षात ठेवा. तुमच्या शाळकरी मुलींना ३० च्या वर गेला की पीएचसी. आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, म्हणजे आपल्याकडे पोट उडतंय म्हणतात ते, तर सकाळची वाट बघू नका. पर्लकोटा नदीला पाणी चढत असेल तर आकडा सीमेवर असतानाच निघा, पूल बुडाल्यावर तुमच्या हातात काही राहत नाही.

यात एक मेख आहे. मलेरिया स्वतःच श्वास वाढवतो. नुसत्या तापाने वाढतो, रक्त कमी असल्याने वाढतो, आणि गंभीर मलेरियात रक्तात आम्ल साठलं की मूल खोल, उसासे टाकल्यासारखा श्वास घेतं, छाती मात्र नळीने साफ ऐकू येते. यातलं कुठलं कारण आहे ते वसतिगृहात बसून ओळखायचं नाही. तुम्ही मोजायचं आणि पोहोचवायचं. पोहोचल्यावर मलेरियाची काच आणि छाती दोन्ही बघा असं स्पष्ट म्हणायचं. अधीक्षिका बोलली की डॉक्टर ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

दुसऱ्या मुलीचं उत्तर तिच्या यकृतात आहे. व्हायवॅक्सचे काही जंतू तिथे झोपून राहतात आणि आठवड्यांनी, महिन्यांनी जागे होतात, नवा डास चावायची गरज नाही. क्लोरोक्विनच्या तीन दिवसांच्या गोळ्या रक्तातले मारतात, यकृतातल्यांसाठी प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावं लागतं. ताप तिसऱ्या दिवशी गेलेला असतो आणि मुलगी खेळायला लागते, त्यामुळे पाचव्या-सहाव्या दिवसापासून गोळी उशीखाली जाते. गोळी समोर उभं राहून गिळायला लावा, जेवणानंतर, आणि वहीत टिपा. या गोळीवर कोणाची लघवी काळी, कोकाकोलासारखी झाली तर गोळी त्याच क्षणी बंद करून पीएचसीत न्या. काही मुलांत एक विकर जन्मतःच कमी असतं, त्यांना ही गोळी बाधते.

मलेरिया झालेल्या प्रत्येक मुलीचं हिमोग्लोबिन गोळ्या संपल्यावर एकदा तपासून घ्या. ते नाव आणि आकडा ऑगस्टच्या आधी तुमच्या हातात असला की लाट आल्यावर कोणाकडे आधी बघायचं ते तुम्हाला कळेल. आठवड्याची लोहाची गोळी, लहानांची गुलाबी आणि मोठ्यांची निळी, तुमच्याकडे येतच असेल. ती खरोखर पोटात जाते ना तेवढं बघा. सिकलसेलच्या रुग्ण मुली कोण, हे वेगळ्या पानावर लिहा. त्यांना ताप आणि खोकला एकत्र आला तर त्याच दिवशी न्यायचं.

खाटा लांब करायला जागा नसेल तर एकीचं डोकं तर शेजारणीचे पाय अशा आलटून-पालटून लावा, आणि खिडक्या उघड्या ठेवा. खिडकी उघडी म्हटल्यावर डास येणार, म्हणून औषधी मच्छरदाणी गादीखाली खोचलेली हवी. ती सारखी धुऊ नका. वीसेक धुण्यांपर्यंत औषध टिकतं. वाळत घालायची ती सावलीत, उन्हात औषध उडतं. आफ्रिकेत औषधी मच्छरदाण्यांच्या ज्या चाचण्या झाल्या, त्या सगळ्या एकत्र केल्या तेव्हा लहान मुलांचे सर्व कारणांनी होणारे मृत्यू १७ टक्क्यांच्या आसपास कमी झालेले दिसले. तुमच्या सहकाऱ्यांना हाही आकडा वाचून दाखवा.

काचपट्टी

मॅडम, सरांनी सांगितलेलं हिमोग्लोबिन तपासायला मुलींना पीएचसीत आणायची गरज नाही. शाळा उघडल्यावर किट घेऊन आरोग्यसेवक येतील तेव्हाच मला निरोप द्या. मी काचा आणि हिमोग्लोबिनचं मशीन घेऊन त्यांच्याबरोबर येतो. एकाच टोचण्यात दोन्ही होतं. पाण्याअगोदर यायला हवं, म्हणून जूनच्या शेवटच्या आठवड्यात ठेवा.